पलंगाचे वय

अंबरनाथच्या शिवमंदिराचे वय सांगावयाचे झाल्यास फारसे अडत नाही. तेथील शिलालेखात शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० हे वर्ष कोरलेले आहे आणि शिलाहार राजा मुम्मुणी याचा उल्लेखही आहे. पण त्याच गावातील एखाद्या घरात शिसवी पलंग असला, तर त्यावर असे काही कोरलेले सहसा सापडत नाही. घरातील माणसे 'पणजोबांच्या वेळचा' एवढेच सांगतात. पणजोबांची वेळ नेमकी कोणती, हे मग लाकडालाच विचारावे लागते.

उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या भागात हा प्रश्न अधिकच अवघड होतो. कारण येथे लाकडी सामान येण्याच्या वाटा अनेक. बदलापूरच्या आसपास साग वाढतो. तेथील सुताराला लाकडासाठी दूर जावे लागत नसे. पुढे १८५६ साली कल्याणहून निघालेला लोहमार्ग बदलापूरवरून पळसदरीपर्यंत गेला आणि मुंबईच्या बाजारातील माल दारी येऊ लागला. त्यात ब्रह्मदेशी सागाचे सामानही असे. १९४७ साली देशाची फाळणी झाली. सिंधमधील हिंदू कुटुंबे घरदार सोडून निघाली. त्यांतील कित्येक कराचीहून जहाजाने मुंबईस उतरली. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ उभारलेल्या लष्करी छावणीच्या बराकींत लाखभराच्या आसपास निर्वासितांना आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी त्या वसाहतीची कोनशिला बसविली. तेच उल्हासनगर. तेथील लोक अजूनही पत्ता सांगताना 'कॅम्प नंबर तीन', 'कॅम्प नंबर चार' असेच म्हणतात.

आता अशा एखाद्या घरात 'हा पलंग सिंधमधून आणलेला आहे' असे कोणी सांगितले, तर ते खरे मानावे काय? सुटलेल्या घराची तेवढीच एक वस्तू उरली असेल, तर तिला उगाच नवी ठरविणे हा अन्याय होईल. उलट, काल घडविलेला पलंग जुना म्हणून कोणी विकत घेतला, तर त्याचे पैसे बुडतील. म्हणून परीक्षा सावकाश केली पाहिजे.

पलंगाची दर्शनी बाजू प्रथम पाहू नये. तिच्यावर कितीदा रोगण चढले असेल, कोण जाणे! पलंग उलटा करावा आणि जेथे कोणी कधी हात फिरविला नाही तेथे पाहावे. हातकरवतीने कापलेल्या लाकडावर सरळ, पण कमीअधिक अंतराच्या रेषा दिसतात. यंत्रावरील गोल करवतीच्या खुणा धनुष्यासारख्या वाकलेल्या असतात. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. वाकलेली खूण दिसली, तर लाकूड यंत्राच्या काळातले, हे निश्चित. पण सरळ रेषा दिसल्या म्हणजे पलंग फार जुना, असे मात्र ठरत नाही. कारण आपल्याकडे हातकरवत विसाव्या शतकातही पुष्कळ काळ चालत होती.

खिळ्यांचेही असेच आहे. लोहाराने ठोकून केलेला जुना खिळा चौकोनी अंगाचा असतो, तर तारेपासून केलेला कारखान्यातील खिळा गोल. स्क्रू, म्हणजे मळसूत्री खिळा, टोकदार करण्याची यंत्रे १८५० च्या सुमारास प्रचारात आली. त्यापूर्वीच्या स्क्रूचे टोक बोथट असे. ज्याच्या डोक्यावर अधिक चिन्हासारखी खाच आहे, तो तर १९३० नंतरचाच. परंतु एवढ्यावरून पलंग नवा म्हणून मोकळे होऊ नये. तो स्क्रू दुरुस्तीच्या वेळी बसविलेला असेल! शेजारी एखादे रिकामे जुने छिद्र आहे काय, त्याच्या कडेला लोखंडाने काळा डाग पडला आहे काय, हे पाहावे. मूळचा खिळा काढून तेथे नवा घातल्याची ती साक्ष होय.

मला सर्वांत आवडणारी परीक्षा कातीव पायांची. कातारी पाय कातून काढतो, तेव्हा तो पाय गोल असतो. पण लाकूड वाळताना सर्व दिशांना सारखे आकसत नाही. खोडाच्या वलयांच्या दिशेने ते जितके आकसते, त्याच्या सुमारे निम्मेच ते मध्यापासून सालीकडे आकसते. त्यामुळे गोल पाय हळूहळू किंचित लंबगोल होतो. दोन सरळ पट्ट्यांमध्ये पाय धरून त्याची जाडी मोजावी. मग पट्ट्या काटकोनात फिरवून पुन्हा मोजावी. मापे वेगळी आली, तर पाय कातल्यानंतर लाकूड आकसले आहे. ते किती वर्षांत आकसले, हे मात्र पट्टी सांगत नाही. हाताने कातलेले चार पाय तंतोतंत सारखेही नसतात.

झाडाची वलये मोजून भागत नाही काय, असे तुम्ही विचाराल. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी सागाच्या वलयांवरून जुन्या काळच्या पर्जन्याचा अभ्यास केला आहे. पण पलंगाच्या पायात वलये थोडीच उरतात आणि सालीजवळचा भाग सुताराने आधीच तासून टाकलेला असतो. शिवाय वलये झाडाचे वय सांगतात, पलंगाचे नव्हे.

आता पलंगाचे मूळ गाव. सिंधमधील हाला हे गाव लाखकामासाठी प्रसिद्ध आहे. लाकूड चरकावर फिरत असताना त्यावर रंगीत लाखेची कांडी दाबून धरतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते व लाकडावर चढते. एकावर एक निरनिराळे रंग चढवून वरचा थर नक्षीदार खरवडला, की आतला रंग उमटतो. तेथील शिसम आणि आपल्याकडील शिसव ही एकाच कुळातील झाडे असल्यामुळे जुन्या, काळवंडलेल्या लाकडात फरक ओळखणे सोपे नाही. लाखकाम दिसले म्हणजे सिंधच, असेही समजू नये. गुजरातमधील संखेड्याचे सोनेरी झाक असलेले लाखकाम सागावर करतात, आणि आपली सावंतवाडीही लाखेच्या कामासाठी नावाजलेली आहे.

राहता राहिले प्रवासाचे. अखंड पलंग जहाजावर चढविणे कठीण. पण पाय आणि बाजूची लांब लाकडे, ज्यांना गाते म्हणतात, ती सुटी करता आली, तर तो नेण्याजोगा होतो. अशा पलंगाच्या सांध्यांवर सुतार जोडीच्या खुणा करून ठेवतो: एक रेघ, दोन रेघा, तीन रेघा. पायावरील खूण गात्यावरील खुणेशी जुळली, तर ती लाकडे आरंभापासून एकत्र आहेत. रेघांच्या जागी कधी आकडे असतात, तेव्हा ते कोणत्या लिपीतले आहेत हेही टिपून ठेवावे. मात्र लिपी सुताराची असते. गुजराती मिस्त्री मुंबईतही काम करीत, हे विसरून चालणार नाही.

एवढी सगळी तपासणी होईपर्यंत पलंग घासूनपुसून चकचकीत करण्याची घाई कोणी करू नये. सांध्यातील काळा डाग, लाखेचा उरलेला पापुद्रा, सुताराची पुसट रेघ, हे सारे पॉलिश कागदाखाली पाच मिनिटांत नाहीसे होते.