टिपणांची वही स्वतःच्या कपाटात

डिचोली व पेडणे तालुक्यांत आपल्यापैकी अनेकांचा दवाखाना एकहाती चालतो. केसपेपर रुग्णाच्या हाती जातो. परंतु कोणाला कोणते औषध सोसत नाही, खाणीवर काम केलेल्या वृद्धाचा छातीचा एक्स-रे पूर्वी कसा होता, ही टिपणे आपल्याजवळच राहतात. कित्येक वर्षे मी ती वर्गणीच्या एका ॲपमध्ये लिहीत असे. वर्गणी वाढत गेली, त्याहून एक प्रश्न अधिक टोचू लागला: वर्गणी थांबली तर वही कोणाची? एव्हरनोट या प्रसिद्ध ॲपने (माझे ॲप निराळे होते) डिसेंबर २०२३ मध्ये विनामूल्य वापरावर ५० टिपणे व एक वही अशी मर्यादा घातली, तेव्हा हा प्रश्न जगभर अनेकांना पडला.

कायद्याची बाजूही विचारात घ्यावी लागते. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमावलीप्रमाणे आंतररुग्णांचे कागद तीन वर्षे जपावयाचे व मागणी झाल्यास ७२ तासांत द्यावयाचे असतात. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होत आहे. माहिती सांभाळण्याचे काम दुसऱ्या कंपनीकडे सोपविले, तरी त्या कायद्याने उत्तरदायित्व आपलेच राहते.

मी निवडलेली व्यवस्था साधी आहे. टिपणे लिहिण्यास जॉपलिन व ती साठविण्यास नेक्स्टक्लाउड. दोन्ही मुक्त प्रणाली असून विनामूल्य मिळतात. दवाखान्यातील एका छोट्या संगणकावर नेक्स्टक्लाउड चालते. तो इंटरनेटवर उघडा न ठेवता बाहेरून केवळ व्हीपीएनद्वारे पोहोचता येईल असे केले. जुन्या ॲपमधून टिपणे एचटीएमएल स्वरूपात काढून जॉपलिनमध्ये आणली. जॉपलिनमधील एंड-टू-एंड कूटबद्धता आपणहून चालू करावी लागते. तीही केवळ साठवणीतील प्रतीस झाकते. लॅपटॉपवरील टिपणे उघडीच असतात. म्हणून लॅपटॉपची डिस्कही कूटबद्ध केली.

जून ते सप्टेंबर आपल्याकडे विजेचा भरवसा नसतो. लिहिताना वीज गेल्यास डेटाबेस बिघडू शकतो. यूपीएस हवाच, आणि वीज फार वेळ न आल्यास संगणक आपोआप बंद होईल अशी जोडणी हवी.

येथे एका गैरसमजाकडे व्यवसायबंधूंचे लक्ष वेधतो. दोन उपकरणांवर तीच टिपणे दिसणे म्हणजे बॅकअप नव्हे. एकीकडे पुसलेले दुसरीकडेही पुसले जाते. माझ्याकडे रोजची एक प्रत निराळ्या डिस्कवर जाते. आठवड्याची प्रत कूटबद्ध करून घरी, दवाखान्यापासून दूर, ठेवतो. ‘बॅकअप पूर्ण’ हा संदेश मात्र ऑटोक्लेव्हच्या पट्टीसारखा आहे. पट्टीचा रंग बदलला म्हणजे उष्णता लागली; जंतू मेले की नाही हे स्पोअर चाचणीच सांगते. येथील स्पोअर चाचणी म्हणजे रिकाम्या संगणकावर ती प्रत उघडून पाहणे. मी ती दरमहा करतो. मजकूर व जोडलेली छायाचित्रे वेगवेगळ्या फाइलींत असतात. त्यामुळे दोनचार जुने एक्स-रेही उघडून पाहतो.

एवढी सवड ज्यांना नाही, त्यांनी वर्गणी चालू ठेवण्यात काही गैर नाही. त्यांनी वर्षातून दोनदा सर्व टिपणे बाहेर काढून कूटबद्ध पेनड्राइव्हवर घ्यावीत, आणि परवलीचा शब्द कोठे ठेवला आहे हे घरातील एका विश्वासू व्यक्तीस सांगून ठेवावे.