विशेष शिक्षिका : पुन्हा वर्गावर

प्रश्न : बौद्धिक अक्षम मुलांना शिकवत होते. बारा वर्षांपूर्वी घरच्या जबाबदारीमुळे नोकरी सोडली. परत जाता येईल का?

उत्तर : जरूर. पदविका बाद होत नाही. भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदणीची मुदत मात्र संपली असणार. नूतनीकरणासाठी परिषदमान्य कार्यशाळांचे गुण लागतात, तेवढे आधी उरका. १९९५च्या कायद्यातले अपंगत्वाचे ७ प्रकार २०१६च्या कायद्यात २१ झाले, तोही वाचा. हातातलं कसब जात नाही. शर्टाचं बटण काजात अर्धं सरकवून द्यायचं, शेवटचं ओढणं मुलानं करायचं, मग हळूहळू आपला हात काढून घ्यायचा. हे तुम्हाला आजही जमेल. अर्जाआधी जवळच्या विशेष शाळेत परवानगी काढून आठवडाभर वर्गात बसा. अनुभवी शिक्षिका या मुलांना हव्याच आहेत.