समुद्रावर जाण्याआधी

दुर्गदबैल, हुबळी
१७ मे

चि. अमेय यास,

गदगचे भाऊजी परवा दुकानात येऊन म्हणाले, अमेय होडी घेऊन एकटाच गोव्याहून मुंबईला निघतोय. मला पुढचं सुचेना. तुझ्या आईच्या कानावर मी घातलेलं नाही. खरं आहे का हे? आणि तेही मेअखेरीस? १ जून ते ३१ जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते. जन्म पाण्यावर गेलेली माणसं तेव्हा होड्या वर ओढतात, आणि उणकलच्या तळ्यापलीकडे पाणी न पाहिलेला तू निघणार?

दिवाळीत ओसरीवर तूच सॉफ्टवेअर बनवण्याच्या एजाइल पद्धतीचं सांगत होतास. मोठ्या कामाचे दोन-दोन आठवड्यांचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकडा गिऱ्हाइकाला दाखवायचा, चुकलं ते तिथंच सुधारायचं. एका कॉम्प्युटरवर दोघांनी बसायचं, एकानं लिहायचं, दुसऱ्यानं नजर ठेवायची. आजोबांना हे पटलं असतं, त्यांचाही रोजमेळ रोजच्या रोज जुळावा लागे. कंपन्यांना हे शिकवतोस आणि स्वतःची पहिलीच लांबची सफर एकट्यानं? रात्री तुला डुलकी लागली तर सुकाणूवर कोण? तू पाण्यात पडलास तर होडी शिडावर पुढे निघून जाईल. ती वळवणार कोण?

तू दिलीप दोंद्यांचं नाव पुढे करशील. एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय, २०१० च्या मे महिन्यात मुंबईला परतले. पण तयारी २००६ पासूनची. ते इंग्लंडला जाऊन रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांच्याकडे शिकले. 'म्हादेई' गोव्यात रत्नाकर दांडेकरांनी बांधली, पाठीशी अख्खं नौदल होतं, आणि तरीही चार बंदरांत थांबत गेले. तेव्हा अभिलाष टॉमी त्यांच्या मदतीला होते. पुढे २०१३ मध्ये टॉमींनी कुठेही न थांबता फेरी पुरी केली. तेच टॉमी २०१८ साली हिंदी महासागरात पाठीला मार बसून आडवे पडले, डोलकाठी मोडली. निरोप पोचला, ठावठिकाणा लोकांना ठाऊक होता, म्हणून फ्रेंच जहाजानं त्यांना उचललं. तुझा ठावठिकाणा कुणाला ठाऊक असणार आहे?

मला समुद्राचं वावडं आहे असं समजू नकोस. १९७६ साली मी मुंबईच्या टी. एस. राजेंद्र या प्रशिक्षण जहाजाचा फॉर्म आणला होता. आजोबांनी एवढंच विचारलं, दुकान कोण बघणार? तुझे बाबा तेव्हा शाळेत होते. फॉर्म गल्ल्याखालच्या कप्प्यात पडून राहिला आणि मी दुकानात बसलो. कारवारला गेलो की अजूनही बंदरावर पाय रेंगाळतात, तुझी काकू हाका मारून दमते. त्यामुळे तुला 'जाऊच नको' म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

जा. पण पावसाळा सरल्यावर, आणि जाणता माणूस बरोबर घेऊन. आधी किनाऱ्याकिनाऱ्यानं छोट्या फेऱ्या कर. निघताना कुठून कुठे, किती वाजता पोचणार, ते आम्हाला लिहून ठेव. लाइफ जॅकेट एक क्षणही काढू नकोस. एकटा मात्र जाऊ नकोस रे, एवढं ऐक.

फार बोललो, मनाला लावून घेऊ नकोस. तुझ्याशिवाय या घरात रागवायला मला आहे कोण? आईला तूच फोन कर, तिला बाहेरून कळायला नको. गणपतीत ये, संध्याकाळी नाक्यावर गिरमिट आणि मिरची खाऊ. आणि डिसेंबरात होडीत दुसरा माणूस लागला, तर मला बोलाव. मला पोहता येतं. दुकान चार दिवस बंद ठेवीन.

तुझा,
विनूकाका