शरीराकडून मनाकडे जाणारं समुपदेशन: पहिल्या दिवशी काय होतं?

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी माझ्या स्कूटीला मागून टेम्पोने धडक दिली. हाडं जुळली, पण अजूनही मागून हॉर्न वाजला की खांदे वर चढतात, छाती धडधडते, हात गार पडतात. ईसीजी, थायरॉइड, रक्ततपासणी सगळं ठीक आहे. डॉक्टरांनी ज्या समुपदेशक बाईंचं नाव दिलंय, त्या म्हणे ‘सोमॅटिक थेरपी’ करतात, म्हणजे शरीराच्या आधाराने उपचार. तिथे मालिश असतं का? संमोहन करतात का? अपघात पुन्हा पहिल्यापासून सांगावा लागतो का? सासूबाईंचं म्हणणं, त्यापेक्षा योगासनांच्या वर्गाला जा. काय करावं?
– एक वाचक, सातारा

उत्तर : तुमच्या मनात खरं तर तीन शंका आहेत. भीती मनातली, मग शरीराकडे कशाला जायचं? त्या खोलीत नेमकं काय चालतं? आणि त्यावर विश्वास किती ठेवायचा? एकेक पाहू.

आधी तुमच्या खांद्यांचं. धोका समोर आला की विचार पूर्ण होण्याआधीच शरीर कामाला लागतं. अ‍ॅड्रेनलिन रक्तात उतरतं, हृदय जोरात चालू लागतं, मोठ्या स्नायूंकडे जास्त रक्त जातं, त्वचेकडचं कमी होतं आणि हात गार पडतात. अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ मध्ये ही ‘लढा किंवा पळा’ अवस्था मांडली. धडक बसली तेव्हा तुमच्या शरीराने केलं ते योग्यच होतं. अडचण पुढे झाली. मेंदूने हॉर्न आणि धडक यांची गाठ मारून ठेवली. आता हॉर्न वाजला की टेम्पो नसतानाही तीच सगळी तयारी होते. तपासण्या ठीक येतात त्या यामुळेच. तुमचं हृदय चांगलं आहे, त्याला मिळणारी वर्दी तेवढी चुकीची आहे.

‘आता काही धोका नाही’ असं तुम्ही स्वतःला शंभरदा सांगितलं असेल. ते पटतं, तरी खांदे ऐकत नाहीत. कारण मन आणि शरीर यांच्यातला निरोप एकाच दिशेने जात नाही. मेंदूपासून हृदय, फुप्फुसं, आतड्यांपर्यंत जाणारा व्हेगस नावाचा एक मोठा मज्जातंतू आहे. त्यातले बहुतेक धागे वरून खाली हुकूम नेत नाहीत, ते अवयवांची खबर मेंदूकडे पोचवतात. याची छोटी प्रचिती घरीच घेता येते. मनगटावर नाडी धरा आणि सावकाश श्वास घ्या, सोडा. श्वास घेताना ठोके किंचित भरभर पडतात, सोडताना किंचित संथ होतात. काही जणांना हा फरक बोटांखाली स्पष्ट कळतो. श्वास बदलला की हृदयाची चाल बदलते, आणि ती खबर वर जाते. शरीराच्या आधाराने चालणारं समुपदेशन याच वाटेचा उपयोग करून घेतं.

आता गैरसमज. हे मालिश नव्हे. अंगावरचे कपडे अंगावरच राहतात, बहुतेक वेळ खुर्चीत बसून बोलण्यातच जातो. स्पर्श केलाच तर आधी विचारून, कुठे आणि कशासाठी ते सांगून. अनेक समुपदेशक स्पर्श अजिबात करत नाहीत, आणि म्हणून व्हिडिओ कॉलवरही हे काम चालतं. संमोहनही नव्हे. तुम्ही पूर्ण जाग्या असता, डोळे उघडे ठेवू शकता.

पहिली भेट बरीचशी कोणत्याही समुपदेशनासारखीच असते. साधारण ५० ते ६० मिनिटं. झोप कशी आहे, कोणती औषधं चालू आहेत, जुनी दुखणी, घरी आधार कोणाचा, असं विचारतात. गोपनीयता कुठवर पाळली जाईल हे सांगतात. भेटी किती अंतराने, फी किती, वेळ रद्द केली तर काय, हेही ठरतं. शरीराचा भाग शेवटची दहा-पंधरा मिनिटं आला तर आला. पहिल्या दिवशी तो नाही आला, तरी काही बिघडत नाही.

तो भाग कसा दिसतो? समजा, तुम्ही म्हणालात, “आजही येताना रिक्षाचा हॉर्न ऐकून दचकले.” बाई लगेच ‘मग काय झालं?’ असं विचारणार नाहीत. त्या म्हणतील, “हे सांगताना आत्ता अंगात कुठे काय जाणवतंय?” तुम्ही म्हणाल, “मान ताठ झालीय.” मग त्या तुम्हाला तळपायांखालची फरशी जाणवून घ्यायला सांगतील, पाठ खुर्चीला टेकवायला सांगतील, खोलीत सावकाश नजर फिरवून दार, खिडकी, पंखा पाहायला सांगतील. मिनिटभराने पुन्हा विचारतील, “आता मान कशी आहे?” बाहेरून पाहणाऱ्याला यात काहीच घडलेलं दिसणार नाही. पण ताण चढतो तसा उतरतोही, आणि उतरताना तो जाणवतो, हे तुमच्या शरीराला कळायला सुरुवात झालेली असते.

म्हणूनच अपघात पहिल्यापासून सांगण्याची सक्ती नसते. ‘सोमॅटिक एक्स्पीरियन्सिंग’ ही या क्षेत्रातली एक प्रसिद्ध पद्धत. तिचे जनक पीटर लेव्हिन यांचं ‘वेकिंग द टायगर’ हे पुस्तक १९९७ मध्ये आलं. आठवणीला थोडंसं शिवायचं, ताण वाढला की सुरक्षित वाटणाऱ्या जाणिवेकडे परतायचं आणि मग पुन्हा थोडं पुढे जायचं, हा त्यांच्या पद्धतीचा गाभा. नदीच्या गार पाण्यात माणूस आधी पावलं बुडवतो, मग गुडघ्यापर्यंत जातो, तसंच हे. सगळं एका दमात ओकून टाकलं की मोकळं वाटतं, हा समज इथे उपयोगाचा नाही. आघात झालेल्या माणसाला त्याने आणखी थकवा येऊ शकतो.

काय जाणवेल? जांभया, उसासे, हातात ऊब, पोटात गुरगुर, थोडी थरथर, कधी डोळ्यांत पाणी. यातलं काहीच झालं नाही, तरी तुमचं चुकलं असं नव्हे. ‘मला काहीच जाणवत नाही’ हे पूर्ण उत्तर आहे. पुष्कळांना सुरुवातीला राग, भूक आणि ताण यांतला फरकही अंगात ओळखता येत नाही, तो हळूहळू कळू लागतो. भेटीनंतर संध्याकाळी गळून गेल्यासारखं वाटू शकतं, त्यामुळे त्या दिवशी मोठं काम ठरवू नका. मात्र काही दिवस झोपच उडाली, धडकी वाढली, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता कळवा.

सासूबाईंचा सल्ला वाया जाणारा नाही. शवासन आणि योगनिद्रा यांत शरीराकडे लक्ष नेण्याचीच शिकवण आहे, आणि लोणावळ्याच्या कैवल्यधाम संस्थेत १९२४ पासून योगाचा शास्त्रीय अभ्यास चालू आहे. फरक इतकाच की वर्गात सूचना सगळ्यांना एकच असते. आघातानंतर काहींना डोळे मिटून श्वासाकडे लक्ष दिलं की उलट घाबरं होतं. समुपदेशकासमोर ते लगेच दिसतं आणि लगेच बदलता येतं. दोन्ही केलंत तरी चालेल, फक्त योगशिक्षकांना अपघाताची कल्पना द्या.

विश्वास किती ठेवायचा? पुरावे आशादायक आहेत, पण थोडे आहेत. इस्राएलमध्ये ‘सोमॅटिक एक्स्पीरियन्सिंग’वर एक तुलनात्मक अभ्यास झाला आणि २०१७ मध्ये तो प्रसिद्ध झाला. ६३ लोकांना १५ भेटी दिल्यावर आघाताची लक्षणं कमी झाली. ६३ ही संख्या लहानच. याउलट, आघातावर बेतलेली सीबीटी आणि ईएमडीआर या उपचारांचा अभ्यास कितीतरी जास्त झालाय, आणि ब्रिटनच्या आरोग्ययंत्रणेसाठी ‘नाइस’ या संस्थेने २०१८ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात त्यांचीच शिफारस आहे. तेव्हा बाईंना हेही येतं का, ते विचारा. अनेक जण दोन्ही मिळून वापरतात.

‘थेरपिस्ट’ आणि ‘कोच’ यांत गल्लत करू नका. व्यासपीठावर आवाज कापतो, काम करताना खांदे आखडतात, अशा गोष्टींसाठी कोच चालेल. अपघातानंतरची भीती ही उपचाराची बाब आहे. आपल्याकडे ‘कोच’ म्हणवून घ्यायला कोणताही परवाना लागत नाही. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञांची नोंद मात्र भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, आणि नोंदणी क्रमांक विचारण्यात गैर काही नाही. शिक्षण कुठे झालं, शरीराच्या पद्धतीचं प्रशिक्षण किती, अडलं तर कोणा अनुभवी व्यक्तीचा सल्ला घेता का, हेही विचारा. ‘एका भेटीत भीती जाईल’, ‘गोळ्या बंद करा’, ‘घरी सांगू नका’ यांतलं एक वाक्य जरी कानावर आलं, तरी उठून या.

तर जा. तीन-चार भेटी द्या, मग हॉर्नचं दचकणं किती वेळात ओसरतं यावरून पुढचं ठरवा. ते पूर्ण थांबण्याची वाट पाहू नका, लवकर ओसरू लागलं तरी ती प्रगतीच. डॉक्टरांनी दिलेली औषधं त्यांना विचारल्याशिवाय बंद करू नका. मधल्या काळात फारच असह्य झालं, तर सरकारची ‘टेली मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. आणि पहिल्याच भेटीत एवढं नक्की विचारा : “मला मध्येच थांबावंसं वाटलं तर काय करायचं?” चांगला समुपदेशक याचं उत्तर लगेच आणि सरळ देतो. तसं उत्तर मिळालं नाही, तर दुसरा शोधा.