काडतुसांची टंचाई आणि नेमबाजाचा अभ्यास

आमच्या छात्रसेनेच्या तुकडीस चांदमारीसाठीं नेण्याची तयारी चालली असतां एका विद्यार्थ्यानें मला विचारलें, "सर, प्रत्येकास गोळ्या पांचच मिळणार. मग त्यासाठीं तीन आठवडे रोज रिकामी बंदूक धरून जमिनीवर पडून राहण्यांत काय अर्थ?" प्रश्न उद्धटपणाचा नव्हता, मनापासूनचा होता. त्या वेळीं मीं त्यास दोन वाक्यांत उत्तर दिलें. परंतु तें पुरेसें नव्हतें असें मागाहून वाटत राहिलें. म्हणून आज तेंच उत्तर जरा विस्तारानें येथें देतों. त्यासाठीं प्रथम वाचकांस दूर अमेरिकेंत न्यावें लागेल. कारण जेथें काडतुसें किराणा मालाप्रमाणें दुकानांत मांडलेलीं असतात, त्या देशांतील हौशी नेमबाजांवरहि मोजक्या गोळ्यांवर भागविण्याची पाळी आली होती.

काडतूस म्हणजे काय तें आधीं पाहूं. त्यांत चार वस्तू असतात: पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशीं बसविलेली टोपी, आंतील दारू आणि तोंडाशीं घट्ट बसविलेली शिशाची गोळी. चाप ओढला कीं बंदुकीच्या आंतील टाचणी टोपीवर आदळते, टोपींतील स्फोटक द्रव्य पेटतें, त्याच्या ठिणगीनें दारू पेटते आणि वायूच्या दाबानें गोळी नळींतून बाहेर फेंकली जाते. छात्रसेनेंत जें "पॉइंट बावीस" काडतूस वापरतात, त्याला मात्र वेगळी टोपी नसते. स्फोटक द्रव्य पुंगळीच्या बुडाच्या कडेंतच भरलेलें असतें, आणि टाचणीच्या आघातानें ती कड चेपली जाते. म्हणून एकदां उडालेली ही पुंगळी पुन्हा भरतां येत नाहीं. तिच्यांतील गोळी सामान्यतः ४० ग्रेन, म्हणजे सुमारें अडीच ग्रॅम वजनाची असते. किंमत कमी, आवाज कमी, खांद्यास धक्का जवळजवळ नाहींच. त्यामुळें जगभर शिकाऊ नेमबाज याच काडतुसावर हात बसवितो. पण तें केवळ पोरांचें काडतूस नव्हे. कोल्हापूर जिल्ह्यांतील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळे यांनीं इ. स. २०२४ मध्यें पॅरिसच्या ऑलिंपिक सामन्यांत ५० मीटर अंतरावरून जें कांस्यपदक मिळविलें, तें याच जातीच्या काडतुसानें.

आतां टंचाईची हकीकत. इ. स. २०१२ च्या डिसेंबरांत अमेरिकेंतील न्यूटाऊन या गांवीं एका प्राथमिक शाळेंत एका तरुणानें बंदुकीनें वीस बालकांचे व सहा मोठ्या माणसांचे प्राण घेतले. शिक्षकाच्या लेखणींतून हें वाक्य सहज उतरत नाहीं. त्यानंतर शस्त्रांवर निर्बंध येणार अशी चर्चा सुरू झाली, आणि निर्बंध येण्यापूर्वींच सांठा करून ठेवावा म्हणून लोक दुकानांवर लोटले. सबंध देशासाठीं योजिलेल्या कायद्याचे प्रयत्न इ. स. २०१३ च्या एप्रिलांत सिनेट सभागृहांत फसले. परंतु तोंपर्यंत फळ्या रिकाम्या झाल्या होत्या. इतर काडतुसें हळूहळू परत दिसूं लागलीं. "पॉइंट बावीस" मात्र पुढें बराच काळ सहजासहजीं मिळेना. ज्या कायद्याच्या भीतीनें धांवपळ झाली तो आलाच नाहीं, आणि टंचाई मात्र आली.

इ. स. २०२० मध्यें पुन्हा तसेंच झालें. महामारी, रस्त्यांवरील अशांतता आणि निवडणूक, अशीं तिन्ही कारणें एका वर्षांत जमलीं. त्या देशांत बंदूक विकण्यापूर्वीं ग्राहकाच्या पूर्ववृत्ताची सरकारदरबारीं चौकशी होते. अशा चौकशा त्या एका वर्षांत जवळजवळ चार कोटी झाल्या. (प्रत्येक चौकशीमागें एक बंदूक विकली गेली असें नव्हे, परंतु वाऱ्याची दिशा त्यावरून कळते.) त्याच वर्षाच्या जुलैंत रेमिंग्टन या जुन्या कंपनीनें दिवाळें काढलें, आर्कान्सामधील तिचा काडतुसांचा कारखाना पुढें दुसऱ्या कंपनीनें विकत घेतला.

कारखाने का वाढविले नाहींत, असें कोणी विचारील. टोपी भरण्याचें काम धोक्याचें. तें कोणासहि कोठेंहि करतां येत नाहीं. तशा टोप्या मोठ्या प्रमाणावर करणारे अमेरिकेंत चारच प्रमुख उत्पादक होते. शिवाय भीति ओसरली म्हणजे नवीं यंत्रें गंजत पडणार, हा विचार कारखानदार करणारच.

माझ्या मतें खरी गोम निराळीच आहे, आणि ती साध्या अंकगणितानें दिसते. समजा, एका गांवीं एक हजार नेमबाज आहेत आणि प्रत्येकाच्या कपाटांत दोन डबे असतात. उद्यां प्रत्येकास वाटलें कीं आपल्याजवळ दहा डबे असावेत. झालें! एकहि गोळी अधिक न उडतां आठ हजार डब्यांची मागणी एकाएकीं उभी राहिली. दुकान रिकामें झालें कीं ज्याला नऊ डबे मिळाले तोहि घाबरतो, आणि वीस मिळविण्याच्या मागें लागतो. हें अमेरिकेंतच घडतें असें समजूं नये. इ. स. २०१६ च्या नोव्हेंबरांत मीठ संपणार अशी अफवा उत्तर भारतांत उठली, तेव्हां ज्या देशास तीन बाजूंनीं समुद्र आहे त्या देशांत लोक मिठासाठीं रांगा लावून उभे राहिले! मिठाच्या सांठ्यानें फारसें कोणाचें बिघडत नाहीं. परंतु जेव्हां अनुभवी माणूस पांच हजार "पॉइंट बावीस" गोळ्या पलंगाखालीं रचून ठेवतो, तेव्हां ज्याच्या वांट्याच्या गोळ्या गेल्या तो बहुधा नुकताच शिकूं लागलेला एखादा मुलगा किंवा मुलगी असते.

मग समंजस नेमबाजांनीं काय केलें? कांहींनीं पुंगळ्या घरीं भरण्याचा मार्ग धरला. मोठ्या काडतुसाची पितळी पुंगळी अनेकदां वापरतां येते. नवी टोपी, मोजलेली दारू व नवी गोळी बसविली कीं काम होतें. पण तो मार्ग अनेकांनीं धरल्यामुळें टोप्याच बाजारांतून नाहींशा झाल्या, आणि "पॉइंट बावीस" वाल्यांस तर त्याचा उपयोगच नव्हता. आपल्याकडे हा उद्योग परवान्यावांचून करणें गुन्हा आहे, आणि दारूचें माप चुकल्यास बंदुकीची नळी फुटून हात व डोळे जातात, हें पालकांनीं ध्यानांत ठेवावें.

दुसरा मार्ग हवेच्या बंदुकीचा. तिला दारू लागत नाहीं; दाबलेल्या हवेनें ४.५ मिलिमीटर जाडीचा शिशाचा छर्रा उडतो. या बंदुकीस कमी लेखणाऱ्यांनीं इतकेंच पाहावें कीं, दहा मीटरच्या सामन्यांत दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर रुंद असतो, आणि अभिनव बिंद्रा यांनीं इ. स. २००८ मध्यें बीजिंग येथें सुवर्णपदक जिंकलें तें याच बंदुकीनें.

तिसरा मार्ग सर्वांत स्वस्त, आणि सर्वांत कंटाळवाणा. तोच आमच्या विद्यार्थ्यास नकोसा झाला होता. तो म्हणजे गोळीवांचून सराव. बंदूक उडते त्या क्षणीं जें चुकायचें तें बहुतेक आधींच चुकलेलें असतें. श्वास नीट थांबविला नाहीं, डोळा माशीवरून निशाणाकडे धांवला, किंवा बोटानें चाप हळूं ओढण्याऐवजीं हिसका दिला. गोळी या चुकांची नुसती नोंद करते. धडाका होणार या अपेक्षेनें अंग आधींच आखडतें, हा तर नवशिक्याचा मोठाच शत्रु. खऱ्या गोळ्या उडवीत राहिल्यानें तो जात नाहीं, उलट बळावतो. कारण आवाजांत आपला हिसका आपल्याला दिसतच नाहीं. रिकाम्या बंदुकींत तो लपत नाहीं. नळीच्या टोंकाशीं एक रुपयाचें नाणें आडवें ठेवावें आणि चाप ओढावा. नाणें पडलें तर हात हलला. एवढी कठोर व एवढी फुकट परीक्षा दुसरी मला ठाऊक नाहीं.

पुष्कळ नेमबाज आणखी एक युक्ति करतात. सोबत्यानें खऱ्या काडतुसांत एकदोन पोकळ, निर्जीव काडतुसें मिसळून बंदूक भरून द्यावी. नेम धरणाऱ्यास कोणतें कोठें आहे तें कळत नाहीं. धडाका न होतां नळी खालीं झुकली कीं दोघांनाहि दोष दिसतो. अशा रीतीनें दहा गोळ्यांत पन्नासांचें शिक्षण होतें.

या सरावाचे नियम मात्र अत्यंत कडक आहेत, आणि त्यांत सवलत नाहीं. ज्या खोलींत सराव चालतो त्या खोलींत एकहि खरें काडतूस असूं नये. बंदूक रिकामी असल्याची खात्री दोघांनीं डोळ्यांनीं व बोटानें करावी. नळी माणसाकडे कधींहि वळूं नये. "पॉइंट बावीस" बंदुकीची टाचणी रिकाम्या नळींत आपटत राहिली तर पुष्कळ बनावटींत ती नळीची कड खरवडते; तेथें सरावाचें नकली काडतूस घालावें. आणि शिक्षकाच्या देखरेखीवांचून विद्यार्थ्यानें यांतील कांहींहि करूं नये, हें निराळें सांगावयास नकोच.

आमच्या तुकडीनें तीन आठवडे नाण्याचा अभ्यास केला. पहिल्या दिवशीं बहुतेकांचें नाणें खणखणत फरशीवर पडलें, आणि हशाहि झाला. दुसऱ्या आठवड्यांत हशा थांबला. चांदमारीच्या दिवशीं ज्यानें प्रश्न विचारला होता तो विद्यार्थी दुसऱ्या रांगेंत होता. त्यानें चार गोळ्या उडविल्या. पांचव्या वेळीं त्यानें नेम धरला, बराच वेळ तसाच राहिला, आणि मग चापावरून बोट काढून घेऊन नळी निशाणाच्या दिशेसच ठेवीत बंदूक किंचित् खालीं केली. शेजारच्यांचे आवाज संपले होते. सारे त्याचीच वाट पाहत होते. त्यानें दोन श्वास घेतले आणि पुन्हा बंदूक वर घेतली. निशाणाचा कागद हातीं आला तेव्हां पांच भोकांपैकीं चार एका आठ आण्याच्या नाण्याखालीं झांकलीं जात होतीं. पांचवें बोटभर दूर होतें. तें पहिल्या गोळीचें, असें त्यानें मीं न विचारतांच सांगितलें.