बागेतील बुफे : एका बालरोगतज्ज्ञाचे टिपण

संस्थेच्या वार्षिक स्नेहमेळाव्याची भोजनव्यवस्था माझ्याकडे सोपविली जाते, यास आता बरीच वर्षे झाली. बालरोगतज्ज्ञाने लसीकरण किंवा बालदमा हे विषय सोडून बुफेच्या टेबलावर लेख का लिहावा, असा प्रश्न सुज्ञ वाचकांस पडेल. त्याचे उत्तर डिसेंबर २००९ मधील एका रात्रीत आहे.

त्या वर्षी आम्ही सभागृह सोडून एका सदस्याच्या बागेत भोजन ठेवले होते. इंदूरचा हिवाळा, गराडूचे दिवस, झाडांवर दिव्यांच्या माळा, सुमारे १५० पाने. पाहुणे सहा वाजता येणार. भट्टीचा धूर त्यांच्या डोळ्यांत जाऊ नये म्हणून मी आचाऱ्यास सर्व स्वयंपाक पाचपर्यंत आटपावयास सांगितले. भात शेवटी टाकू द्या, असे तो दोनदा म्हणाला. मी ऐकले नाही. मसालेभात मोठ्या पातेल्यांत झाकून राहिला. भाषणे लांबली (त्यांपैकी एक माझेच होते) आणि जेवणास साडेनऊ वाजले. बागेत तेव्हा पन्नासेक डॉक्टर होते. त्यांतील एकानेही पातेल्यास हात लावून पाहिला नाही.

मध्यरात्रीनंतर दूरध्वनी सुरू झाले. सात मुले आणि चार मोठी माणसे. सर्वांना ओकाऱ्या, ताप कोणासही नाही, जुलाब जवळजवळ नाहीत. पहाटे एका सहकाऱ्याच्या चार वर्षांच्या नातीला माझ्याकडे आणले, तेव्हा तिचे डोळे खोल गेले होते, जीभ कोरडी होती आणि सहा तासांत लघवी झाली नव्हती. शिरेतून द्रव द्यावे लागले. तिची आजी शेजारी बसून म्हणाली, "भात कोमट लागला होता हो डॉक्टर, पण म्हटलं, तुम्ही सगळेच खाताय." दुपारी मूल खेळू लागले. ते वाक्य मात्र माझ्या मनातून गेलेले नाही.

विचारपूस केली तेव्हा अकराही जणांच्या पानात मसालेभात होता, हे कळले. पातेली घासली गेली होती, त्यामुळे नमुना तपासता आला नाही; परंतु खाल्ल्यापासून १ ते ६ तासांत ओकाऱ्या आणि आधी शिजवून ठेवलेला भात, हे चित्र बॅसिलस सेरियसचे आहे. या जंतूचे बीजाणू तांदळात असतातच आणि उकळण्याने मरत नाहीत. भात कोमट झाला की ते रुजतात, वाढतात आणि भातातच विष तयार करतात. ते विष पुन्हा तापविल्याने नष्ट होत नाही. स्टॅफिलोकोकसच्या विषाचेही तसेच. ते येते बहुधा वाढप्याच्या बोटावरील पिकलेल्या जखमेतून आणि वाढते बासुंदी, रबडी, खव्याच्या मिठाईत. मोठ्या भांड्यात सावकाश निवणाऱ्या मटणात क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स वाढतो. त्याचे पोटात कळा येऊन होणारे जुलाब साधारण ६ ते २४ तासांनी सुरू होतात. रुग्ण किती तासांनी आला, एवढ्यावरून निम्मे निदान होते, म्हणून हे आकडे येथे दिले.

आता टेबलाकडे वळू. पहिली गोष्ट अशी की चेफिंग डिश ही चूल नव्हे. ती गरम अन्न गरम ठेवते, थंड अन्न गरम करीत नाही. तिच्या खालच्या तबकात उकळते पाणी आधी भरावे, ज्योत पेटवावी आणि मगच भट्टीवरून उतरलेला पदार्थ तीत घालावा. अन्न ६० अंश सेल्सियसच्या वर किंवा ५ अंशांच्या खाली असावे. या दोहोंमधील प्रदेश जंतूंचा. त्या प्रदेशात अन्न दोन तासांहून अधिक राहू नये आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. आपल्याकडे मे महिन्यात सूर्य मावळल्यावरही पारा बहुधा याहून वरच असतो, तेव्हा उन्हाळी मेजवानीत घड्याळ अधिक वेगाने चालते असे समजावे. स्वयंपाकघरात वापरावयाचा सळईचा तापमापक बाजारात सहज मिळतो. मी तो खिशात बाळगतो. आचारी हसतात, हसू द्यावे.

भांडी अर्धीच भरावीत आणि संपत आली की संपूर्ण भांडे बदलावे. जुन्या भातावर नवा भात ओतणे ही टेंटवाल्यांची आवडती सवय आहे. तिच्यामुळे तळाशी साडेसातचा भात दहा वाजेपर्यंत राहतो. झाकणे बिजागरीची असावीत, म्हणजे ती गवतावर ठेवली जात नाहीत. टेबल भिंतीला न टेकविता मोकळ्यावर ठेवून दोन्ही बाजूंनी वाढून घेण्याची सोय केली की रांग निम्मी होते आणि झाकणे कमी वेळ उघडी राहतात. ताटल्यांच्या आधी हात धुण्याची जागा हवी. बागेत ती नेहमी दूर कोपऱ्यात असते आणि कोणी तेथवर जात नाही. दिवा टेबलाच्या थेट वर टांगू नये, किडे भाजीत पडतात. पाण्यातील आणि सरबतातील बर्फ पिण्याच्या पाण्याचा आहे ना, हे विचारावेच; लाद्यांचा बर्फ बाटल्या गार करण्यापुरता.

पदार्थांची निवड हा रुचीइतकाच आरोग्याचा विषय आहे. समोर तळून दिलेला गराडू हा माझ्या मते बागेतील सर्वांत निर्धोक पदार्थ, आणि तो संपतोही सर्वांआधी. श्रीखंड आंबट आणि साखरेचे असल्याने बासुंदीपेक्षा बरेच सुरक्षित, तरी बर्फात ठेवलेले बरे. ओल्या नारळाची चटणी आणि चिरलेली फळे थोडी थोडी आणावीत. दाण्याचे कूट आपल्या अनेक भाज्यांत असते. ज्याला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, त्याच्यासाठी प्रत्येक पदार्थापुढे नावाची चिठ्ठी असावी.

मुलांसाठी आणखी काही सांगणे आहे. टेबलाची कड बरोबर तीन वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांसमोर येते. लोंबणारी चादर त्याने ओढली की उकळत्या पाण्याचे तबक त्याच्या अंगावर येते. चादर पायांना बांधून टाकावी. जेल इंधनाची ज्योत उजेडात जवळजवळ दिसत नाही. विझली असे समजून वाढप्याने डब्यात इंधन ओतले की भडका उडतो. भाजल्यास वीस मिनिटे नळाचे वाहते पाणी धरावे. बर्फ, टूथपेस्ट काही नको. पाच वर्षांखालील मुलांच्या हाती अख्खे शेंगदाणे, अख्खी द्राक्षे किंवा टूथपिक टोचलेला पनीर टिक्का देऊ नये. धूर सोडणारी पेये मुलांना मोहवितात, परंतु मार्च २०२४ मध्ये गुरुग्राम येथे मुखशुद्धी म्हणून कोरडा बर्फ तोंडात गेल्याने पाच जणांना रुग्णालयात न्यावे लागले होते. आम्ही अलीकडे मुलांचे बुटके टेबल वेगळे मांडतो. एक मोठे माणूस वाढते आणि सात वाजता, भाषणांच्या आधी, मुले जेवून मोकळी होतात.

पंगतीचे गोडवे गाणारे ज्येष्ठ सदस्य बुफेला गिधाडभोजन म्हणतात. चवीच्या बाबतीत मी त्यांच्याशी वाद घालीत नाही. मात्र पंगतीत एक डाव एकाच हातात असतो आणि चुलीपासून पानापर्यंतचे अंतर थोडे असते, हे त्यांचे म्हणणे वैद्यकीयदृष्ट्याही खरे आहे. दीडशे माणसांसाठी बसावयाच्या जागा आणि वाढणारे हात आज मिळत नाहीत, एवढेच.

उरलेल्या अन्नाविषयी आमच्यात दरवर्षी मतभेद होतात. ते टाकवत नाही, म्हणून रात्री अकरा वाजता डब्यांतून आचाऱ्यांच्या आणि टेंटवाल्यांच्या घरी जाते. तीन तास टेबलावर राहिलेला भात ज्या मुलाच्या पोटात सकाळी जाईल, त्यालाही ओकाऱ्या होतील आणि त्याचे आईवडील मला दूरध्वनी करणार नाहीत. म्हणून गेली काही वर्षे आम्ही त्यांची पाने आधीच मोजून घेतो, भट्टीवरून उतरलेले अन्न त्यांच्यासाठी वेगळे काढतो आणि ते आमच्याबरोबरच गरम जेवतात. टेबलावरून परत आलेला भात मात्र कोणाच्याही डब्यात भरू दिला जात नाही; त्यावरून कार्यकारिणीत बोलणी खावी लागतात, ती मी खातो.