शैवालातील तेल व वाढीची परिस्थिती

वाराणसीच्या एखाद्या जुन्या कुंडातील हिरवट पाण्याचा थेंब सूक्ष्मदर्शक यंत्राखाली ठेवला, म्हणजे त्यात असंख्य हिरव्या पेशी दिसतात. हीच सूक्ष्म शैवाले होत. त्यांना मूळ नसते, खोड नसते, पानही नसते. एकच पेशी अन्न तयार करते, वाढते आणि विभागते. कित्येक जातींच्या पेशींत तेलाचे बारीक थेंब साठतात. हे तेल भुईमुगाच्या तेलाच्याच वर्गातील असून त्यापासून डिझेलसारखे इंधन करता येते. मात्र ते किती साठेल, हे शैवालाच्या जातीइतकेच त्याच्या वाढीच्या परिस्थितीवरही अवलंबून असते.

अमेरिकेतील स्पोअर व मिल्नर या शास्त्रज्ञांनी क्लोरेला नावाचे शैवाल निरनिराळ्या परिस्थितींत वाढवून १९४९ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. वाळलेल्या शैवालातील स्निग्ध पदार्थांचे प्रमाण एका टोकाला शेकडा ५ च्या आसपास, तर दुसऱ्या टोकाला शेकडा ८५ पर्यंत आढळले. ही वाढ नत्राच्या उपासमारीत दिसून आली.

याचे कारण असे. नत्रावाचून प्रथिने बनत नाहीत आणि प्रथिनांवाचून पेशी विभागत नाही. पाण्यातील नत्र संपले तरी प्रकाश व कार्बन डायॉक्साइड मिळतच असतात; म्हणून सेंद्रिय द्रव्य तयार होत राहते. वाढीसाठी खर्ची न पडलेले हे द्रव्य पिष्टाच्या किंवा तेलाच्या रूपाने साठविले जाते. पेशी स्वतःच्या हरितद्रव्यातील नत्रही काढून घेते, त्यामुळे हिरवे पाणी पिवळसर पडू लागते.

शैवाल आणि नत्र यांचा संबंध वाराणसीला नवा नाही. काशी हिंदू विश्वविद्यालयातील रामनगीना सिंह यांनी निळ्या-हिरव्या शैवालांच्या साहाय्याने उसर, म्हणजे खारवट-चोपण, जमिनी सुधारण्याविषयीचे आपले काम १९५० मध्ये प्रसिद्ध केले. या शैवालांच्या अनेक जाती हवेतील नत्र बांधून जमिनीस देतात. तेलासाठी मात्र त्यांचा फारसा उपयोग नाही; तसा साठा करण्याची त्यांची प्रवृत्तीच नसते.

मग हिरव्या शैवालाला उपाशी ठेवावे आणि तेल काढावे, इतके हे सोपे आहे काय? एक काल्पनिक हिशेब करून पाहू. पोसलेल्या टाकीतून रोज २० ग्रॅम वाळलेले शैवाल मिळते व त्यात शेकडा १५ तेल आहे, असे धरू. तेल ३ ग्रॅम झाले. उपाशी टाकीत तेल शेकडा ४० आहे, पण वाढ खुंटल्याने शैवाल रोज ५ ग्रॅमच मिळते. म्हणजे तेल अवघे २ ग्रॅम. पेशी तेलाने भरली आणि टाकी रिकामी राहिली! म्हणून पुष्कळदा दोन टप्पे योजतात : आधी भरपूर नत्र देऊन पीक वाढवावयाचे, नंतर थोडे दिवस नत्र तोडावयाचे.

पहिल्या टप्प्यासाठी शहराचे सांडपाणी चालू शकते, कारण त्यात नत्र व स्फुरद विपुल असतात. २०२१ च्या मे-जून महिन्यांत वाराणसीच्या घाटांपाशी गंगा शैवालामुळे हिरवी झाली होती. संथ, उबदार पाण्यात ही पोषक द्रव्ये मिळाली, म्हणजे शैवाल किती झपाट्याने माजते, याचे ते उदाहरण होय. परंतु अशा सुपोषित शैवालात तेल कमीच असते.

ऋतूंचाही विचार करावा लागतो. थंडीत खोबरेल थिजते, करडईचे तेल थिजत नाही. हा भेद त्यांतील मेदाम्लांमुळे पडतो. गारठ्यात शैवालही आपल्या पेशींच्या पटलांत न थिजणाऱ्या प्रकारची मेदाम्ले वाढविते. तेलाचा प्रकार अशा रीतीने बदलतो खरा, पण वाढ मंदावते. अमेरिकेत १९७८ ते १९९६ या काळात चाललेल्या शैवाल-इंधनाच्या सरकारी प्रयोगांत न्यू मेक्सिकोमधील उघड्या तळ्यांचे उत्पन्न थंड रात्रींमुळेच घटले होते. वाराणसीतही पौष-माघाच्या रात्री बोचऱ्या असतात. उलट ज्येष्ठातील दुपारचे प्रखर ऊन पृष्ठभागावरील पेशींना सोसत नाही आणि त्याच वेळी खालच्या पेशी वरच्यांच्या सावलीत प्रकाशावाचून राहतात. म्हणून तळी उथळ ठेवून पाणी सतत ढवळावे लागते.

एवढे करूनही उघड्या तळ्याच्या एका लिटर पाण्यात वाळलेले शैवाल बहुधा एक ग्रॅमहूनही कमी निघते. किलोभर शैवालासाठी हजार लिटरांहून अधिक पाणी वेगळे करावे लागते, आणि तेल काढण्याचे काम त्यानंतर सुरू होते.